पॅरामाटाची लोकल आणि बुडालेली कंपनी

मी ठाण्याचा, त्यामुळे बोरीबंदर ते ठाणे या 34 किलोमीटरांच्या पहिल्या आगगाडीची गोष्ट लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली आहे की दुसऱ्या गावाच्या पहिल्या गाडीबद्दल कुतूहल वाटणे ओघानेच आले. 2019 साली सिडनीत भाचीकडे हॅरिस पार्कला उतरलो होतो. डोशाच्या आणि मिठाईच्या दुकानांनी भरलेल्या त्या वस्तीला लागूनच पॅरामाटा आहे आणि सिडनीची पहिली रेल्वे याच दिशेने यायची होती.

बोरीबंदर-ठाणे गाडी चालवणारी आपली जी.आय.पी. रेल्वे कंपनी आणि ‘सिडनी रेल्वे कंपनी’ या दोघींना कायद्याची मान्यता मिळाली ती एकाच वर्षी, 1849 मध्ये. सिडनीच्या कंपनीला आधी पॅरामाटा आणि पुढे आतल्या मुलखातले गोलबर्न गाठायचे होते, कारण तिकडची लोकर बैलगाड्यांतून बंदरापर्यंत आणणे फार वेळखाऊ होते. 3 जुलै 1850 रोजी क्लीव्हलँडच्या माळावर गव्हर्नर फिट्झरॉय यांच्या कन्येने भर पावसात पहिली कुदळ मारली. सेंट्रल स्थानकाशेजारचे प्रिन्स अल्फ्रेड पार्क त्याच माळाच्या एका भागावर आहे. तिथल्या बाकावर बसून मी तो प्रसंग डोळ्यांसमोर आणू पाहिला. पलीकडून दर मिनिटाला एखादी लोकल धडधडत जात होती.

त्यानंतर कंपनीचे ग्रह फिरले. पैसा अपुरा पडू लागला, तेव्हा संचालकांनी आपला अभियंता शील्ड्स याच्याच पगाराला कात्री लावायचे ठरवले आणि तो नोकरी सोडून गेला. हा शील्ड्स आयरिश होता आणि त्याच्या आग्रहामुळे आयर्लंडचे 5 फूट 3 इंचांचे गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, सिडनीने स्वीकारले होते. शेजारच्या वसाहतीही त्याच मापावर राजी झाल्या. मागाहून आलेल्या स्कॉटिश अभियंता वॉलेसने मात्र 4 फूट 8½ इंचांचा हट्ट धरला आणि 1853 मध्ये सिडनीने शब्द फिरवला. तोवर मेलबर्नच्या बाजूच्या व्हिक्टोरिया वसाहतीने रुंद मापाच्या गाड्यांची मागणी नोंदवलेली होती. पगारातली ती काटकसर त्या खंडाला पुढे शंभर वर्षे भोवली, असे माझे मत आहे.

दरम्यान 1851 मध्ये बाथर्स्टच्या बाजूला सोने सापडले. नशीब काढायला माणसे डोंगराकडे धावत असताना मातीच्या पाट्या कोण वाहणार? मजुरी भडकली, सुमारे 500 मजूर थेट इंग्लंडहून आणावे लागले आणि सरकारी कर्ज घेऊनही हिशेब जुळेना. आपल्याकडे खंडाळ्याच्या घाटात माणसांच्या जिवाची किंमत नव्हती. तिथे माणूसच मिळत नव्हता. अखेर 1855 मध्ये, पहिली गाडी सुटायच्या आतच, सरकारने सगळा कारभार ताब्यात घेतला. 26 सप्टेंबरला गाडी धावली ती सरकारची म्हणून, आणि तीही पॅरामाटा गावाच्या अलीकडे, आजच्या ग्रॅनव्हिलजवळ थांबली.

त्या काळातले पहिल्या क्रमांकाचे इंजिन मी अल्टिमोच्या पॉवरहाउस संग्रहालयात पाहिले. रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यात 1854 मध्ये बनलेले हे इंजिन 1877 पर्यंत राबले. चालकाच्या डोक्यावर छप्पर नाही, मागे जोडलेल्या डब्यांत पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाचा भेद मात्र लांबूनही ओळखू येतो.

मेलबर्नला जाताना मी मुद्दाम रात्रीची गाडी घेतली. पहाटे व्हिक्टोरियाच्या सीमेवरचे ऑल्बरी आले. 1962 पर्यंत येथे रुळांचे माप बदलत असल्यामुळे साऱ्या उतारूंना झोपेतून उठवून, सामानासकट फलाट ओलांडून समोरच्या गाडीत चढवले जाई, आणि दोन गाड्या सामावण्यासाठी बांधलेला तो फलाट खिडकीतून पाहताना संपता संपत नव्हता. माझ्या डब्यात कोणी कूसही बदलली नाही.