सोलमधल्या पहाटेची प्रार्थना

ऑफिसच्या कामासाठी आठ दिवस सोलला होते. राहायच्या जागेसमोरच एक चर्च होतं. पहाटे पाचच्या आधीच त्याच्या खिडक्यांत दिवे दिसायचे. कोरियातली ख्रिस्ती मंडळी रोज पहाटे प्रार्थनेला जमतात, त्याला 'सेब्यॉक गिदो' म्हणतात, एवढं ऐकून होते. तिसऱ्या दिवशी जाऊन बसले.

भाषेचं एक अक्षर कळेना. पडद्यावरचा २३ हा आकडा तेवढा वाचता आला. स्तोत्रच असणार, म्हणून मी माझं मराठी बायबल उघडलं. शेजारच्या आजींनी त्यात डोकावून पाहिलं आणि आपल्या बायबलातली सहा वचनं बोटाने मोजून दाखवली. माझ्याकडेही सहाच. मेंढपाळ, हिरवी कुरणं, मृत्युच्छायेचं खोरं... पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, वाचत होते आणि कुठवर आले ते मला आजींच्या बोटावरून कळत होतं.

मग दिवे मंद झाले. सगळ्यांनी तीनदा 'जुयो!' अशी हाक मारली, म्हणजे 'हे प्रभू!', आणि जो तो एकाच वेळी मोठमोठ्याने आपली प्रार्थना करू लागला. मी दचकलेच. एकाने प्रार्थना करायची, बाकीच्यांनी आमेन म्हणायचं, ही माझी सवय. एकत्र मोठ्याने प्रार्थना करण्याची ही रीत १९०७ च्या प्याँगयाँगमधल्या आध्यात्मिक जागृतीच्या वेळी तिथे रुजली. ते शहर आज उत्तर कोरियात आहे. १९५० ते १९५३ च्या युद्धात तिकडचे कितीतरी विश्वासणारे घरदार सोडून दक्षिणेत आले.

वाटलं होतं, एवढ्या आवाजात मन लागणार नाही. पण माझं कुणी ऐकत नव्हतं म्हणूनच असेल, आईच्या आजारपणाबद्दल मी कित्येक महिन्यांनी देवाशी मोठ्याने बोलले. मराठीत. रडले. आजींनी माझा हात धरून ठेवला.

नंतर फोनवरच्या भाषांतराने थोडं बोलणं झालं. त्यांच्या सहाव्या वचनाखाली, देवाच्या घरात कायम राहण्याच्या, लाल रेघ होती आणि समोर एक तारीख, यजमानांना मूठमाती दिली तो दिवस. माझ्या चौथ्या वचनाखाली, मृत्युच्छायेच्या खोऱ्याच्या, पेन्सिलची रेघ आहे. पंथापंथांतले मतभेद मला क्षुल्लक वाटत नाहीत, पण आमच्या दोघींच्या मांडीवर तेव्हा एकच स्तोत्र उघडं होतं.

उरलेले सगळे दिवस मी रोज पहाटे तिथे गेले. शेवटच्या पहाटे आजींनी लाल पेन्सिल पुढे केली. मी त्यांच्या तारखेशेजारी मराठीत 'आमेन' लिहिलं. मग माझं बायबल ओढून घेऊन त्या चौथ्या वचनासमोर सावकाश, एकेक अक्षर काढत, काहीतरी लिहीत राहिल्या.