तंजावर: एक देऊळ, एक वाडा आणि मध्ये बाबांची झोप

त्रिची आणि श्रीरंगम झाल्यावर सगळे सांगत होते की तंजावर काय एका दिवसात उरकतं, सकाळी मोठं देऊळ, मग दारासुरम, कुंभकोणम, आणि जमलं तर येताना गंगैकोंडचोळपुरम. एका गाडीवाल्याने तर सात ठिकाणांची यादीच पाठवली व्हॉट्सअॅपवर, जेवणाला पाऊण तास धरून. पण श्रीरंगमला दिवसभर चालून झाल्यावर बाबा रात्री काहीच बोलले नाहीत, फक्त गुडघ्याला लावायला बाम मागितला. बाबा ७३ वर्षांचे, स्वतःहून कधी "दमलो" म्हणणार नाहीत. बाम मागितला म्हणजे काय ते मी समजले आणि त्या यादीला नम्र नकार कळवून टाकला.

तर हा वृत्तांत फक्त तंजावर शहराचा आहे, तोसुद्धा दोनच ठिकाणांचा. सोबत वयस्कर माणूस असेल तर माझ्या मते एवढंच बरोबर आहे.

त्रिचीहून तंजावर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, गाड्या भरपूर आहेत आणि साधारण तासाभरात पोचतो, त्यामुळे टॅक्सीची गरज नाही. आम्ही आदल्या संध्याकाळीच जाऊन राहिलो, फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता, हवा चांगली. मोठ्या देवळाला तिथे पेरिय कोविल म्हणतात, रिक्षावाल्याला तेच सांगा, बृहदीश्वर वगैरे म्हणत बसू नका. माझी एक चूक झाली ती आधीच सांगते: हॉटेल बुक करताना फोटो बघितले, रेट बघितला, आणि लिफ्ट आहे का ते विचारलंच नाही. खोली दुसऱ्या मजल्यावर. बाबांनी जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून भिंतीवरची चित्रं बघितल्यासारखं केलं, आणि तिथे चित्रं एकूण दोन होती. शेवटी काउंटरवर विनंती करून तळमजल्यावरची खोली घेतली, पंखा खडखड करणारी, पण चालली. तुम्ही आधी फोन करून विचारा.

सकाळी सहाला उठून साडेसहाच्या आत देवळात. हे अजिबात चुकवू नका, कारण चपला बाहेर काढायच्या असतात आणि आतलं अंगण सगळं दगडी, दहा-साडेदहानंतर पाय भाजतात. मोजे घेऊन जा, आमच्याकडे होते. दुपारी साधारण साडेबारा ते चार दर्शन बंद असतं, त्यामुळे तसेही दोन भाग पडतात दिवसाचे.

देऊळ किती भव्य आहे यावर लोकांनी इतकं लिहिलंय की मी नवीन काय लिहिणार. राजराज चोळाने बांधलं, १०१० मध्ये पुरं झालं, विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, २०० फुटांच्या वर. दोन गोपुरं ओलांडून आत गेलं की नंदी, आणि नंदीच्या मागून ते विमान वर वर जात राहतं, मान दुखेपर्यंत. शेजारच्या ग्रुपचा गाइड छातीठोकपणे सांगत होता की या शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही. बाबा त्या वेळी सावलीत उभे होते. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, मला म्हणाले, "मग ही कोणाची आहे?"

बाबांची गोष्ट सांगायला हवी म्हणजे पुढचं कळेल. बाबा भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक होते, आयुष्य सगळं मोजणी, बांध, पोटहिस्से आणि भाऊबंदकी यात गेलं. देवळात गेले की हात जोडून दोन मिनिटांत बाहेर येणारा माणूस. त्यामुळे मी आदल्या रात्री थोडा अभ्यास केला होता. या देवळाच्या जोत्यावर खालपासून तमिळ अक्षरं कोरलेली आहेत, नक्षी वाटेल इतकी दाट, आणि ते सगळं रेकॉर्ड आहे. राजराजाने म्हटलंय की मी दिलेलं, माझ्या बहिणीने दिलेलं, राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं सगळं दगडावर कोरा. कुठल्या गावातून देवळाला किती भात यायचं, देवळात नाचणाऱ्या चारशे बायकांची नावं आणि कोणती कुठल्या रांगेतल्या कितव्या घरात राहायची, सगळं. मी फोनवर इंग्रजी भाषांतर उघडून बाबांना एका गावाची नोंद मराठीत करून सांगितली: गावाचं एकूण क्षेत्र इतकं, त्यातून गावठाण, देवळं, तळी, पाण्याचे पाट, कारागिरांची वस्ती आणि स्मशान वगळून बाकीवर सारा.

बाबा थांबले. म्हणाले, "म्हणजे पोटखराबा वजा केलाय." पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारी, म्हणून साऱ्यातून वगळलेली जमीन.

त्यानंतर पुढचा तासभर मी फक्त भाषांतर वाचणारी कारकून होते. जोत्याच्या कडेने ते हळूहळू चालत होते, एका ठिकाणी अक्षरांवरून बोट न टेकवता हवेत फिरवत होते, जणू नकाशावरून हद्द दाखवतायत, एक अक्षर कळत नसताना. "हजार वर्षं झाली, खाडाखोड नाही," हे तीनदा म्हणाले. गुडघ्याचं नाव नाही. दर दहा मिनिटांनी ओवरीत बसवत होते मी, बसायला जागा भरपूर आहे, हा या देवळाचा मोठा गुण.

आणि मग मराठी शिलालेख. तंजावरला जाऊन हा न बघता परत येणारे मराठी लोक मला माहीत आहेत, म्हणून नीट लिहिते. आवाराच्या नैऋत्य बाजूला, गणपतीच्या देवळाकडे जा, भिंतीवर देवनागरी दिसेल. तंजावरचे भोसले राजे सरफोजी (दुसरे) यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास इथे कोरून घेतला, मजकूर बाबुराव चिटणीसांचा. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलं तेव्हापासून १८५५ पर्यंत इथे भोसल्यांचं राज्य होतं, हे आपण शाळेत एका ओळीत वाचतो आणि विसरतो. चोळांच्या देवळात, सगळीकडे तमिळ असताना, एकदम स्वतःची लिपी समोर आली की काय होतं ते सांगता येत नाही. मला वाटलं आपण घडाघडा वाचू. कसलं काय! शब्द तोडलेले नाहीत, सलग पोथीसारखं, वळण जुनं, आणि मी तिसऱ्या शब्दालाच अडकले. बाबांना मात्र जुनी मोडी कागदपत्रं बघायची सवय, ही तर देवनागरी, त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक अक्षर जोडत सुरू केलं. "शाहजी... हे बघ, राजे... एकोजी इथे." एक तमिळ कुटुंब मागे येऊन उभं राहिलं, हा माणूस भिंत वाचतोय म्हणून. त्यातल्या आजींनी मला खुणेने विचारलं, वाचता येतं? मी मान डोलावली, आणि बाबांनी आवाज थोडा चढवला.

साडेनऊला जमीन तापायला लागली तशी मी त्यांना ओढून बाहेर काढलं. इडली, पोंगल, मेदूवडा आणि डबरा-टंबलरमधली (वाटी-पेल्यातली) फिल्टर कॉफी. कॉफीला साखर कमी हवी तर आधीच सांगा.

मग राजवाडा, देवळापासून दीड-एक किलोमीटर, रिक्षाने जा. रस्ता सपाट आहे पण ऊन आणि ट्रॅफिक दोन्ही आहे. मूळ वाडा मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांचा, नंतर मराठ्यांनी वाढवला. बाहेरून पडका वाटतो, थोडा निराशच करतो, धीर धरा. आत वेगवेगळ्या भागांची वेगवेगळी तिकिटं असतात, सुटे पैसे ठेवा, आणि वयस्कर माणूस सोबत असेल तर सगळी घेऊ नका. मनोऱ्यावर चढायचे जिने अरुंद आहेत, आम्ही सोडून दिलं. मराठा दरबाराच्या रंगीत खांबांसाठी पाच मिनिटं पुरतात.

वेळ द्यायचा तो कांस्यमूर्तींना. चोळ काळातल्या मूर्ती आहेत आणि त्यातला तिरुवेंकाडूचा वृषभवाहन शिव, साधारण १०११ चा, त्याच्यासमोर बाबा किती वेळ उभे होते. डोक्याला जटांचा फेटा बांधल्यासारखा, एक पाय दुसऱ्यापुढून टाकलेला, आणि उजवा हात सहज टेकलेला, पण कशावर? ज्या बैलावर टेकला होता तो बैल हरवलाय. हात हवेत. बाबा म्हणाले, "बैल गेला तरी हा पडला नाही." तिथेच नायक दरबारात सरफोजींचा पांढरा संगमरवरी पुतळा आहे, तलवार उगारलेला वगैरे नाही, हात जोडून उभा.

सरस्वती महाल ग्रंथालयाची हस्तलिखितं आपल्याला चाळायला मिळत नाहीत, त्याचं छोटं संग्रहालय तेवढं बघता येतं, साप्ताहिक सुट्टी बघून जा. पन्नास हजारांच्या आसपास हस्तलिखितं आहेत, हजारो मराठी. सरफोजींनी स्वतःचा छापखाना काढून १८०६ मध्ये इसापनीती मराठीत छापली होती, पुण्यामुंबईच्या किती आधी! बाबांना मोडीचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) बघायचे होते, ते राहिलं, थोडे हिरमुसले. कुणीतरी तंजावरी मराठी बोलणारं भेटावं अशीही इच्छा होती, तेही नाही जमलं.

दुपारी केळीच्या पानावर जेवण. सांबार संभाजीराजांच्या नावावरून आलं ही गोष्ट इथे हमखास ऐकायला मिळते, आमसुलं संपली म्हणून चिंच घातली वगैरे, मला काही पटत नाही, पण सांबार तीनदा घेतलं. वाढणारा माणूस हात आडवा केल्याशिवाय थांबत नाही, पान आपल्याकडे दुमडलं की मग सोडतो.

आणि मग एक ते चार झोप. खरं सांगते, या दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा कार्यक्रम हाच होता. यादीवाल्याबरोबर गेलो असतो तर या वेळी कुठल्यातरी पार्किंगमध्ये असतो. मी तेवढ्यात बाहेर जाऊन डोकं हलवणारी बाहुली घेतली, भाव करा, आणि ती तिरुवैयारूची अशोका मिठाई, मुगाच्या डाळीची, तुपात ओथंबलेली. तिरुवैयारू तेरा किलोमीटरवर आहे, त्यागराजांची समाधी, संगीतवाल्यांनी संध्याकाळी तिकडे जावं. मी बाबांना विचारलं होतं. म्हणाले, "तू जाऊन ये, मला ती भिंत परत बघायचीये."

मग मीही नाही गेले. पाच वाजता पुन्हा देऊळ. या वेळी दगड मधासारखा दिसतो, गर्दी असते पण ती सगळी गवतावर बसलेली, पोरं पळतायत, कुणी डबे उघडलेत. बाबांनी फोनवर शिलालेखाचे फोटो काढायला सुरुवात केली, उजवीकडून डावीकडे, मग लक्षात आलं म्हणून परत डावीकडून. एकेचाळीस फोटो. अर्ध्यांत त्यांचा अंगठा.

रात्री नऊला मी झोपले. त्यांनी हॉटेलच्या बिलाच्या मागे फोटो मोठा करून उतरवायला घेतलं होतं, मध्ये एकदा जाग आली तेव्हाही दिवा चालू होता. सकाळी बघितलं तर साडेचार ओळी झाल्या होत्या आणि दोन ठिकाणी पेन्सिलने प्रश्नचिन्ह.