पंधराचा आकडा

आमचं सायकलचं दुकान कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला, अलमेडा क्रीक ट्रेलपासून सायकलवर दहा मिनिटांवर. शनिवारी दहाला शटर उघडतो. मे महिन्यातल्या त्या शनिवारी पावणेदहालाच एक गृहस्थ सायकल धरून दाराशी उभे होते. सत्तरी ओलांडलेली, गळ्यात मफलर, उजव्या तळहाताला रुमाल गुंडाळलेला. त्यांनी सायकल आत ढकलली तेव्हा मागची डिस्क दर फेऱ्याला ब्रेक पॅडला घासत होती आणि चाक डोळ्याला दिसेल इतकं डुलत होतं. चाकाला आउट आला की ते कसं चालतं, हे मला सांगावं लागत नाही. कराडला वडिलांचं सायकल दुकान होतं. तासावर भाड्याने सायकली द्यायचे. आठवीत असताना मी स्पोक आवळून आउट काढायला शिकलो.

गृहस्थ तुटक इंग्रजीत म्हणाले, "रिमूव्ह मोटर, प्लीज." मग रुमालाची गाठ ताणली गेली आणि तोंडातून निघालं, "आई गं."

"काका, फार लागलंय का?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग खुर्चीत बसले आणि भडाभडा सांगायला लागले.

मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. दोन्ही गुडघ्यांची झीज. चालायला गेलं की दुखतं, पण सायकलवर पाय फिरत राहतो म्हणून बरं वाटतं. मुलाने बॅटरीची सायकल घेऊन दिली. फ्रीमाँटच्याच नाइल्स भागापासून ओढ्याच्या काठाने डांबरी वाट थेट खाडीपर्यंत जाते, सुमारे बारा मैल. रोज जमेल तेवढं जायचं, पाण्यात पांढरे पेलिकन बसलेले बघायचे आणि परतायचं. त्या दिवशी एका पुलाखालच्या उतारात मागून काहीतरी आलं. घंटी नाही, हाक नाही. हँडलला निसटता धक्का बसला आणि काका डांबर सोडून खडीत गेले. आलेली गाडी थांबली नाही. फिरायला आलेल्या एका बाईंनी त्यांना उठवलं, पाणी दिलं. मग त्यांची नजर काकांच्या बॅटरीवर गेली आणि त्या म्हणाल्या, ही मोटारवाली वाहनं इथे आणायची नसतात.

"अरे, परक्या देशात आलोय. इथला नियम मोडून मला नाही फिरायचं," काका म्हणाले. "मोटार काढ, बॅटरी काढ. ढकलत नेईन."

पडल्याचं, हाताचं त्यांना काही वाटत नव्हतं. आपण चुकीचे ठरलो, हे लागलं होतं.

मी फडकं ओलं केलं आणि सीटच्या दांड्यावरचा चिखल पुसला. खाली लेबल होतं: क्लास १, २० मैल, २५० वॉट. "काका, हे तुमच्या गाडीचं आधार कार्ड समजा," मी म्हटलं.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१६ पासून ई-बाइकचे तीन वर्ग आहेत. क्लास १ मध्ये पॅडल मारलं तरच मोटर मदत करते आणि ताशी २० मैलांना, म्हणजे ३२ किलोमीटरला, मदत बंद होते. क्लास २ ची मर्यादा तीच, पण थ्रॉटल असतो, पाय न हलवता गाडी पळते. क्लास ३ ची मदत २८ मैलांपर्यंत, म्हणजे ४५ किलोमीटर. ती चालवायला वय किमान १६ आणि हेल्मेट सगळ्यांनाच सक्तीचं. २०१७ पासून वर्ग, वेग आणि वॉट लिहिलेलं लेबल कंपनीने गाडीवर कायमचं लावायचं. कायद्यात तर अक्षरं कोणत्या वळणाची हेही लिहिलंय: एरियल, किमान ९ पॉइंट. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा फाजील काटेकोरपणा वाटला होता. आता वाटत नाही.

गोंधळ होतो तो पुढे. गाडीचा वर्ग राज्य ठरवतं, पण वाट ज्याच्या ताब्यात आहे तो आपल्या वाटेवर क्लास १ आणि २ लाही बंदी घालू शकतो. राष्ट्रीय उद्यानांतसुद्धा २०२० च्या नियमानंतर त्या त्या उद्यानाचा प्रमुख हे ठरवतो. त्यामुळे एकच सायकल या वाटेवर चालते आणि शेजारच्या डोंगरातल्या मातीच्या वाटेवर चालत नाही. अलमेडा क्रीकच्या दक्षिण काठावरच्या डांबरी वाटेवर क्लास १ आणि २ चालतात, ३ नाही. उत्तर काठाची वाट कच्ची. तिकडे घोडे असतात. त्या बाईंनी फलकावरचं 'मोटार वाहनांना बंदी' एवढंच वाचलं असणार. त्यांना दोष कसा द्यायचा? त्यांच्या डोळ्यांसमोर एक माणूस पडला होता आणि त्याच्या गाडीवर बॅटरी होती.

"म्हणजे मी चुकलो नाही?" काकांनी विचारलं.

"नाही काका."

त्यांनी रुमाल सोडला आणि सिंकवर जाऊन हात नीट धुतला. मी चाक स्टँडवर चढवलं. उजवीकडचे स्पोक अर्धा आटा सैल, डावीकडचे अर्धा आटा घट्ट, मग फिरवून बघायचं. डिस्क खाचेच्या पान्याने सरळ केली. पाऊण तास गेला. मोटरला हात लावला नाही.

दुपारी तीनला एक पिकअप लागला. एक बाई आणि चौदा वर्षांचा मुलगा. दोघांनी मिळून फळीवरून जी गाडी उतरवली, ती मी लांबूनच ओळखली. जाड टायर, मोटरसायकलचे शॉकअप आणि पॅडलच्या जागी पाय ठेवायच्या दोन खुंट्या. मोटरवरच्या पट्टीवर ५००० वॉट. फ्रेमवर मात्र 'क्लास २' असा चकचकीत स्टिकर, कडा सुटायला लागलेल्या. मुलाला आदल्या दिवशी ट्रेल सांभाळणाऱ्या पार्क विभागाच्या अधिकाऱ्याने तिथेच अडवून दंडाची पावती दिली होती.

"विकणाऱ्याने ई-बाइक म्हणूनच दिली," त्या म्हणाल्या. "२० मैलांवर लॉक करून द्या. किती होतील?"

किती का होईनात, ते होण्यासारखं नव्हतं. या राज्यात ई-बाइक म्हणजे चालते पॅडल हवेत आणि मोटर ७५० वॉटच्या आत हवी. ही गाडी वेगाने २० वर बांधली काय आणि १० वर बांधली काय, सायकल होत नाही. मी त्यांना कागदावर आकडे काढून दाखवले. सकाळच्या काकांची सायकल २२ किलोची, ही पन्नासच्या वर. पार्कची मर्यादा ताशी १५ मैल. त्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ पावणेसात मीटर जाते. २८ ला साडेबारा. पुलाखालून बाहेर येताना डोळे उजेडाला सरावेपर्यंत एक सेकंद जातोच. आणि वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो.

त्या बाई रडवेल्या झाल्या. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण जास्त त्रास वेगळाच होता: मुलगा सायकल चालवतोय म्हणून त्या वर्षभर निर्धास्त होत्या.

मला राहवलं नाही. मी मुलाला विचारलं, "आज सकाळी ट्रेलवर होतास?" तो म्हणाला, नाही, पावती मिळाल्यापासून गाडी गॅरेजमध्येच आहे. आईने मान हलवली. माझा विश्वास बसला. काकांना पाडणारा दुसराच कोणी होता आणि तो आजही तसाच फिरत असेल.

इथे माझं एक सांगायला हवं. या धंद्यात आलो त्या पहिल्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर मी त्याच्या क्लास २ चा वेग वाढवून दिला होता. डिस्प्लेच्या आतल्या मेनूत जाऊन एक आकडा बदलायचा, दोन मिनिटांचं काम. लेबल तसंच राहिलं. वेग बदलला तर लेबलही बदललं पाहिजे, नाहीतर तो गुन्हा आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. २०२५ पासून तर ई-बाइकला ई-बाइकच्या मर्यादेबाहेर नेणारी साधनं विकायलाही बंदी आहे. ती गाडी परत कधी दुकानात आली नाही. निळी होती, पुढे वेताची टोपली. अजूनही निळी गाडी दिसली की मी आधी टोपली बघतो.

मुलाला मी कोपऱ्यातली एक वापरलेली गिअरची सायकल दिली, बिनबॅटरीची, आणि मागच्या गल्लीत चक्कर मारून ये म्हटलं. तो बराच वेळ आला नाही. आई दारात जाऊन उभी राहिली. आला तेव्हा कानशिलांवर घाम होता आणि पहिलाच प्रश्न, "तिसऱ्या गिअरला चेन खडखड करते, ते का?" मी त्याला पाना दिला आणि केबल कुठे ताणायची ते दाखवलं. ती मोठी गाडी पुन्हा पिकअपमध्ये चढली. सायकल त्यांनी घेतली.

पुढच्या शनिवारी काका आले, हाताची जखम सुकलेली. घंटी हवी होती, पण इथली एकदाच टण्ण वाजणारी नको, आपली ट्रिंग ट्रिंग. मी ती मागवून ठेवली होती. बसवताना माझी नजर डिस्प्लेवर गेली. मैल नव्हे, किलोमीटर लावलेले.

"काका, पार्कच्या पाटीवर १५ लिहिलंय, ते तुम्ही कसं पाळता?"

"इथे १५ च्या वर जाऊ देत नाही," त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं. "पहिल्या दिवसापासून."

"पाटीवरचे १५ मैल आहेत. तुमच्या हिशेबाने २४ पर्यंत जाता येईल. मैल लावून देऊ? एक मिनिट लागेल."

त्यांनी घंटी दोनदा वाजवून बघितली.

"राहू दे," म्हणाले. "पंधरा पुरतात."