फ्रिजवरून घसरणारी पत्रिका

फ्रिजचं दार हा घराचा सूचनाफलक. दूधवाल्याचा हिशेब, औषधांची चिठ्ठी, गणपतीपुळ्याहून कुणीतरी आणलेलं मॅग्नेट. चिठ्ठी त्याच्याखाली मुकाट बसते, पण जाडजूड लग्नपत्रिका लावली की घसरत घसरत फरशीवर. चुंबकाचा जोर संपलेला नसतो, त्याचा हात आखूड असतो.

का, ते कळायला शाळेतला पट्टीचुंबक टाचण्यांच्या डबीत बुडवावा. दोन्ही टोकांना झुपके, मधला भाग जवळजवळ बोडका. टोकांवरही कडा-कोपऱ्यांना गर्दी जास्त. पोरं हात धरून रांगेत उभी राहिली, तर मोकळा हात फक्त पहिल्या आणि शेवटच्या पोराचा उरतो. चुंबकाच्या आतही तसंच. एका कणाचा उत्तर ध्रुव पुढच्याच्या दक्षिण ध्रुवाला मिटवतो, आणि न मिटलेलं बळ टोकांना उरतं. मधोमध बलरेषा पट्टीच्या आतूनच जातात, टाचणीपर्यंत फारशा पोचत नाहीत. पण मधला भाग रिकामा समजू नये. पट्टी तिथेच तोडली, तर तुटलेल्या दोन्ही कडांवर नवे ध्रुव तयार आणि टाचण्या हजर!

आता फ्रिजचं पातळ, रबरी मॅग्नेट. त्यात दोनच ध्रुव नसतात. पाठीवर उत्तर-दक्षिण-उत्तर-दक्षिण असे दोन-तीन मिलिमीटरचे पट्टे आखलेले असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला कळतात. अशी दोन मॅग्नेटं पाठीला पाठ लावून सरकवा. एका दिशेने गुळगुळीत जातील, त्याच्या काटकोनात टक-टक-टक अडखळतील. ती प्रत्येक टक म्हणजे एक पट्टा ओलांडला. ध्रुव इतके शेजारी-शेजारी असल्याने बलरेषा एका पट्ट्यातून निघून लगेच बाजूच्यात शिरतात, दूर जातच नाहीत. पत्र्याला टेकलेलं असताना पकड चांगली, मध्ये मिलिमीटरभर पुठ्ठा आला की बोंब. (दार काही जातींच्या स्टेनलेस स्टीलचं असेल, तर कोणतंच मॅग्नेट बसणार नाही. तिथे चुंबकाला दोष देण्यात अर्थ नाही.)

पत्रिकेला जुन्या स्पीकरमधलं काळं कडं बरं. त्याचे ध्रुव दोन सपाट तोंडांवर, एकमेकांपासून लांब. जोर पुठ्ठ्यापलीकडे पोचतो. मात्र ते ठिसूळ असतं, फरशीवर पडलं की टवका उडतो. निओडिमियम धातूच्या मिश्रणाच्या चकचकीत चुंबकी गोट्या त्याहून जबर, पण लहान मुलं असलेल्या घरात त्या नकोतच. दोन गिळल्या गेल्या तर आतड्याची भिंत मध्ये चिमटून भोक पडू शकतं. साध्या प्रतीच्या निओडिमियमचा जोर ८० अंश सेल्सिअसच्या वर ओसरू लागतो, तेव्हा शेगडीजवळही त्या ठेवू नयेत.

आणि कडं दारावरून ओढत काढू नका. एका कडेने तिरकं उचललं की सहज सुटतं, रंगावर चरा पडत नाही.