पुढे न जाण्याचे कौशल्य

नेत्रहीन धावपटूंच्या १०० मीटर शर्यतीविषयी जे छापून येते, त्यात जिद्द, अंधारावर मात आणि आईच्या डोळ्यांतील पाणी हमखास असते. शर्यत मात्र क्वचितच असते. महाविद्यालयात असताना मी २०० मीटर धावत असे आणि गेली काही वर्षे मुंबईत एका पूर्णतः नेत्रहीन तरुणाचा गाइड म्हणून, म्हणजे दोरीने जोडून शेजारी धावणारा साथीदार म्हणून, सराव करीत आहे. त्यामुळे या खेळाचा जो भाग मला सर्वांत अवघड वाटतो, म्हणजे दोन माणसांनी मिळून एकच शर्यत धावणे, त्याविषयी लिहीत आहे.

दृष्टिबाधित धावपटूंचे तीन वर्ग असतात. टी-११ मध्ये जवळजवळ काहीच न दिसणारे खेळाडू येतात. त्यांना गाइड घ्यावाच लागतो, आणि कोणाला प्रकाशाची किंचित जाणीव असली तरी तिचा फायदा होऊ नये म्हणून सर्वांचे डोळे अपारदर्शक पट्टीने झाकले जातात. टी-१२ मध्ये गाइड ऐच्छिक असतो, तर टी-१३ चे खेळाडू एकटेच धावतात. गाइडसह धावणाऱ्या प्रत्येक जोडीला दोन लेन दिल्या जातात, म्हणून आठ लेनच्या ट्रॅकवर एका वेळी चारच जोड्या मावतात आणि अंतिम फेरीही चौघांचीच होते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये भारताची सिमरन शर्मा टी-१२ च्या १०० मीटरमध्ये चौथी आली, तेव्हा ‘चौघींत चौथी’ असे कुणीतरी हिणवून म्हटल्याचे मी ऐकले होते. त्या चौघींत येण्यासाठी आधीच्या फेऱ्यांत किती जणींना मागे टाकावे लागते, हे बोलणाऱ्याच्या गावीही नव्हते. त्यानंतर तिने अभयसिंह या गाइडसह २०० मीटरमध्ये २४.७५ सेकंदांची वेळ नोंदवून कांस्यपदक मिळवले.

खेळाडू आणि गाइड यांना जोडणारी दोरी आखूड असते आणि ती ताणली जाणार नाही अशा कापडाची किंवा धाग्याची असावी लागते, कारण लवचीक दोरीने गाइड खेळाडूला नकळत पुढे खेचू शकेल. माझ्या जोडीदाराचा उजवा हात आणि माझा डावा हात या दोरीने जोडलेले असतात. हे दोन हात एकत्र पुढे-मागे जायचे, तर आमचे पायही आरशातल्या प्रतिमेसारखे पडावे लागतात: त्याचा डावा पाय पुढे पडेल तेव्हा माझा उजवा. शाळेच्या स्नेहसंमेलनातील तीन पायांची शर्यत ज्यांनी धावली असेल, त्यांना या रचनेची कल्पना येईल. फरक इतकाच की इथे पाय बांधलेले नसतात आणि प्रत्येक सेकंदाला चारहून अधिक पावले पडत असतात. त्यासाठी स्टार्टिंग ब्लॉकमध्येही आम्ही उलट पाय पुढे ठेवतो. माझी उंची त्याच्यापेक्षा जास्त आहे, त्यामुळे माझ्या नैसर्गिक पावलाला मला आवर घालावा लागतो, आणि पाऊल आखडूनही वेग टिकवणे हे मोकळे धावण्यापेक्षा कितीतरी अधिक दमवणारे असते. दोरीतून त्याला जे कळते, ते बाहेरून पाहणाऱ्या प्रशिक्षकालाही कळत नाही. शेवटच्या फेरीत मी न बोलता धावत असलो, तरी ‘दादा, खांदे आवळलेत तुम्ही,’ असे तो धावता धावता सुनावतो.

२०० मीटरच्या वळणावर हिशेब आणखी बदलतो. आमच्या जोडीत मी बाहेरच्या बाजूला असतो. दोघांच्या शरीरांत अर्ध्या मीटरचे अंतर धरले, तरी अर्धवर्तुळाकार वळणावर बाहेरच्या माणसाला सुमारे दीड मीटर जास्त धावावे लागते, आणि तेवढे धावूनही हातांची लय तीच ठेवावी लागते. वळण कुठे सुरू होते, कुठे संपते आणि छाती केव्हा झोकायची, एवढेच शब्द मी उच्चारतो. बाकीचे त्याला दोरी सांगते.

नियम या बाबतीत कठोर आहेत. गाइडने खेळाडूला ओढायचे नाही, ढकलायचे नाही, आणि अंतिम रेषा खेळाडूच्या आधी ओलांडायची नाही. ओलांडली तर जोडी बाद होते. दोरी सोडण्याबाबतचा नियम किती काटेकोरपणे लावला जातो, हे पॅरिसच्या मॅरेथॉनमध्ये दिसले. स्पेनची एलेना कोंगोस्त तिसऱ्या क्रमांकावर असताना, अंतिम रेषा समोर दिसत असताना, तिच्या गाइडच्या पायात गोळे आले आणि त्याला सावरण्यासाठी तिने क्षणभर दोरी सोडली. तिला बाद ठरवले गेले आणि त्या वेळी तिचे पदक गेले. नियम योग्य आहे असे माझे मत आहे, पण त्या प्रसंगी तो निर्दयपणे लागू झाला, असेही मला वाटते.

म्हणजे गाइड खेळाडूपेक्षा स्पष्टपणे वेगवान असला पाहिजे आणि तरीही त्याने कधी पुढे जाता कामा नये. अमेरिकेचा डेव्हिड ब्राउन २०१४ मध्ये १०० मीटर १०.९२ सेकंदांत धावला आणि ११ सेकंदांच्या आत येणारा पहिला पूर्णतः नेत्रहीन धावपटू ठरला, तेव्हा त्याच्या शेजारी असलेला जेरोम एव्हरी हा स्वतः उत्तम धावपटू होता. तसा नसता, तर ब्राउनचा वेग गाइडच्या वेगावर येऊन अडकला असता.

मुंबईत खरी अडचण इथेच आहे. जानेवारीतील मॅरेथॉनमध्ये नेत्रहीन धावकांना साथ देणारे हौशी लोक मिळतात, कारण तिथला वेग बऱ्याच जणांच्या आवाक्यातला असतो. १०० मीटरसाठी मात्र ज्याला स्वतःला ११ सेकंदांच्या आसपास धावता येते असा मुलगा हवा, आणि असा मुलगा सहसा स्वतःच्या पदकाच्या मागे असतो, जे स्वाभाविकच आहे. दुसरी अडचण जागेची. प्रियदर्शिनी पार्कच्या सिंथेटिक ट्रॅकवर सकाळी दोन लेन सलग मोकळ्या मिळणे म्हणजे भाग्यच. कानांत इअरफोन घालून आतल्या लेनमधून रमतगमत चालणाऱ्यांना ‘ट्रॅक, ट्रॅक!’ अशी हाक ऐकू जात नाही, आणि माझ्या जोडीदाराला तर ते दिसतही नाहीत.

विद्यापीठाच्या स्पर्धांत उपांत्य फेरीपर्यंत पोहोचून तिथेच थांबणारी अनेक मुले या शहरात आहेत. त्यांचा वेग या कामाला पुरेसा आहे आणि पॅरालिम्पिकमध्ये गाइडलाही पदक मिळते, हे त्यांच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसते. काही जण चौकशी करतात. पण गाइड बदलला की पहिले काही महिने नुसते हात जुळवण्यात जातात, म्हणून अशा मुलाला त्याची वेळ विचारण्याआधी मी एकच गोष्ट विचारतो: पुढचे दोन हंगाम तू मुंबईतच असणार आहेस का?