तुम्ही विचारलंत म्हणून: एआयचा कायदा यायचाय, मग आत्ताच नियम कशाला?

अंधेरीतली छोटी वित्तकंपनी असो, साकीनाक्याचा कारखाना असो की लोअर परळची जाहिरात संस्था, हा प्रश्न ठरलेला असतो: "एआयचा कायदा अजून झालेलाच नाही. झाला की बघू. आत्ताच नियम करून ठेवायची गरज काय?"

एआयच्या नावाचा स्वतंत्र कायदा भारतात नाही, हे खरं. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वंही बंधनकारक नाहीत. पण ग्राहकाला चुकीची माहिती दिली, त्याचा पॅन क्रमांक फुटला, तर त्यासाठीचे कायदे आधीपासून आहेत आणि चूक माणसाने केली की यंत्राने, याने त्यांना फरक पडत नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने फेब्रुवारी २०२५ मध्ये नियमात बदल करून हे स्पष्टच लिहिलं: तिच्या नियंत्रणाखालच्या संस्थेने एआय साधन स्वतः बनवलेलं असो वा बाहेरून घेतलेलं, जबाबदारी त्या संस्थेचीच. कॅनडात एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं. चॅटबॉट आपल्या उत्तरांना स्वतः जबाबदार आहे, असा बचाव कंपनीने करून पाहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. रक्कम किरकोळ होती, पण तोच बचाव उद्या इथे कुणी केला तर तो टिकेल असं मला वाटत नाही.

म्हणून सुरुवात धोरणाच्या तीस पानी दस्तऐवजाने करू नका. तो कुणी वाचत नाही. एक साधी एक्सेल शीट करा. साधनाचं नाव, ते कशासाठी वापरतो, त्यात कोणती माहिती जाते, उत्तर कोण तपासतं, बंद करायचं झालं तर कोण करणार. शेवटच्या दोन रकान्यांत 'आयटी विभाग' असं लिहायचं नाही, माणसाचं नाव लिहायचं. ही शीट भरताना एक गोष्ट हटकून बाहेर येते: लेखा विभागातलं कुणीतरी पगारपत्रक स्वतःच्या मोबाइलवरच्या एआयच्या फुकट खात्यात टाकून बेरजा तपासून घेत असतं. त्याला ओरडून उपयोग नाही, तो उद्यापासून लपवून करेल. कंपनीचं विकत घेतलेलं खातं द्या, आपली माहिती मॉडेलच्या, म्हणजे एआयमागच्या मूळ यंत्रणेच्या, प्रशिक्षणाला वापरणार नाही हे करारात लिहून घ्या आणि मग फुकट खाती बंद करा. क्रम हाच ठेवा.

माहिती बाहेर जाण्याआधी आधार, पॅन आणि मोबाइल क्रमांक झाकणारी गाळणी बसवता येते. आधारचे १२ आकडे, पॅनची पाच अक्षरं, चार आकडे आणि पुन्हा एक अक्षर. शोधायला सोपं आहे. फसतं ते दोन ठिकाणी. आधार चार-चार आकड्यांनी तोडून लिहिलेला असतो, आणि मराठी अर्जात आकडे देवनागरीत असतात. गाळणी फक्त इंग्रजी आकडे शोधणारी असेल, तर ते सरळ पार होतात.

मराठीची चाचणी वेगळी घ्यावीच लागते, आणि इथे बहुतेक कंपन्या कमी पडतात. "परवा पैसे भरले" आणि "परवा भरतो" यांतला 'परवा' विरुद्ध दिशांचा आहे. "चालेल" म्हणजे होकार. "दीड लाख", "साडेतीन हजार", "एकोणसाठ" हे आकडे यंत्राला नीट कळतात का? ग्राहकांचे जुने खरे प्रश्न २०० काढा, त्यांतले निदान ६० मराठी, आणि त्या मराठीतले निम्मे इंग्रजी लिपीत टाइप केलेले. नावं झाका, बरोबर उत्तरं आपल्या माणसाकडून लिहून घ्या. पुरवठादार मॉडेल बदलतो आणि कळवतोच असं नाही, म्हणून दर महिन्याला हाच संच पुन्हा चालवा. बदलाची आगाऊ सूचना करारात मागून घ्या.

कर्ज, नोकरी, भाडेकरू यांची निवड यंत्र करत असेल, तर सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. मुंबईत पिनकोड बरंच काही सांगून जातो. एकच अर्ज घ्या, फक्त ४०००१७ काढून ४०००५० टाका, म्हणजे धारावीच्या जागी वांद्रे पश्चिम. बाकी काही बदलू नका. मग फक्त आडनाव बदला. निकाल हलला, तर यंत्र पत्ता आणि जात मोजतंय. अशा शंभर जोड्या चालवायला दोन दिवस पुरतात. हे न करता माणसांची पोटं ज्यावर अवलंबून आहेत ते निर्णय यंत्रावर सोडणं मला अक्षम्य वाटतं.

"शेवटी आमचा माणूस बघतोच की," असं सांगतात. गणित करा. दिवसाला ३०० अर्ज, प्रत्येकाला दोन मिनिटं, म्हणजे दहा तास. एकटा माणूस ते बघत नसतो, फक्त 'मंजूर' दाबत असतो. दर दहावा अर्ज यंत्राचं उत्तर न दाखवता त्याच्याकडे द्या आणि दोघांची उत्तरं ताडून पाहा.

युरोपातल्या ग्राहकांसाठी काम करणाऱ्या मालाडच्या कॉल सेंटरांनी एक लक्षात ठेवावं. तिथल्या कायद्याने कामाच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या भावना ओळखणारं एआय २ फेब्रुवारी २०२५ पासून निषिद्ध आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी अपवाद. दंड ३.५ कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ७ टक्के, यांतला जो जास्त असेल त्या मर्यादेपर्यंत. आवाजावरून मनःस्थिती सांगणारं सॉफ्टवेअर घेण्याआधी वकिलाला विचारा.

आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. त्याची वाट पाहायचंही कारण नाही, कारण सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे यंत्रणेच्या कामाच्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. सहा तासांत काय झालं ते सांगायचं, तर कुठला प्रश्न गेला, कुठलं उत्तर आलं, कुठलं मॉडेल होतं, ते आधीच नोंदलेलं हवं.

आणि बंद करायचा सराव करा. शनिवारी रात्री अकरा वाजता चॅटबॉट भलतंच बोलू लागला तर शीटमधल्या त्या नावाकडे पासवर्ड आहे का, तो कर्जतला गावी गेला असेल तर दुसरं कोण, आणि सोमवारी सकाळी तेच काम हाताने करू शकणारी दोन माणसं अजून ऑफिसात आहेत का, हे एकदा खरंच बंद करून पाहा.