केहिमकर तुमचे कोण?

मुलांना घेऊन नवगावच्या ज्यू दफनभूमीत जाऊन आलो, की कोणीतरी पालक विचारतातच, "सर, तुम्ही काही बेने इस्राएल नाही. मग या केहिमकरांचं एवढं कशाला?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बेने इस्राएल म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर आपल्या अलिबागचेच. गाव किहीम, म्हणून केहिमकर. मी वर्गात रोहेकर, पेणकर, अष्टमकर, दिवेकर, नागावकर अशी आडनावं फळ्यावर लिहितो आणि मुलांना नकाशात गावं शोधायला लावतो. बोट फिरवता फिरवता निम्मा रायगड होतो. ही बेने इस्राएल घराण्यांची आडनावं आहेत हे सांगितलं, की वर्ग गप्प होतो.

नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही त्यांची पूर्वापार कथा. पुढे घाणे चालवून ते गावोगाव राहिले. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र वार, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. सोमवार तेल्यांचा घाणा सोमवारी बंद, शंकराचा वार म्हणून. दोघांचेही बैल देवाच्या वारी सुटलेले! मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे. सर्वधर्मसमभावाचा धडा शिकवायची वेळ आली, की मी पुस्तक मिटून हेच सांगतो.

केहिमकरांनी असं सगळं टिपून ठेवलं. १८९७ साली त्यांनी बेने इस्राएलांचा इतिहास लिहून पुरा केला, पण तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला. तोवर ते हयात नव्हते. हे मला आजही लागतं.

त्याआधी १८७५ मध्ये त्यांनी मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. ज्यूंच्या धर्मग्रंथांची भाषा हिब्रू; तिचं शिक्षण तोवर बरंचसं मिशनऱ्यांकडे होतं. मराठीतून हिब्रूचं पहिलं व्याकरण १८३२ साली मिशनरी जॉन विल्सन यांनी लिहिलेलं. आपला धर्म मुलांनी आपल्या शाळेत शिकावा, ही केहिमकरांची तळमळ. माझगावच्या त्या शाळेला पुढे दानशूर ज्यू उद्योजक सर एली कदूरी यांचं नाव मिळालं. आज तिथली बहुतेक मुलं मुसलमान घरांतली आहेत. एका समाजाच्या काळजीतून उभी राहिलेली शाळा दुसऱ्या समाजाच्या मुलांना शिकवते आहे, याचा मला मनापासून आनंद होतो.

आणि एक घरचं कारण. आमच्या शेजारच्या बेने इस्राएल आजी एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाचा, नवस फेडला, की मलिद्याचं ताट आमच्याकडे पाठवत. पोहे, गूळ, ओलं खोबरं, फळं. आई ते आधी देवापुढे ठेवायची, मग आम्हाला द्यायची. मी सात वर्षांचा असताना आजी मुलाकडे इस्राएलला गेल्या. घराला कुलूप लागलं.

चाळिशीत केहिमकरांचं इंग्रजी पुस्तक हाती आलं आणि त्यात मलिदा दिसला. रात्री ते पान मी आईला मराठीत सांगत सांगत वाचून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "परत वाच."